आईला डायबेटीस आणि बाळाच्या कण्याचं खालचं टोक : दिवस राहायच्या आधीपासून मूल शाळेत जाईपर्यंत काय काय करायचं

डायबेटीस असलेल्या बाईला दिवस गेले की घरातले सगळे पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीची वाट बघत बसतात, बाळाचं सगळं नीट आहे ना ते त्यात कळेल म्हणून. कळतं ते खरंच, पण बाळाच्या कण्याचं खालचं टोक घडायचं काम त्याच्या कितीतरी आधी उरकलेलं असतं. गर्भ राहिल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे काम जोरात चालू असतं, म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा-दोन आठवडे झालेले असतात, आणि आपल्याकडे तर तोपर्यंत हॉस्पिटलात नावसुद्धा घातलेलं नसतं. म्हणून हा लेख प्रेग्नन्सीपासून सुरू होत नाही, त्याच्या तीन-चार महिने आधीपासून होतो.

माझ्या बहिणीच्या मुलीच्या कण्याचं हे खालचं टोक जन्मापासूनच अर्धवट बनलेलं आहे. मी डॉक्टर नाही, पण परळ, सायन, हाजीअलीच्या ओपीडीच्या रांगांमध्ये बसून, डॉक्टरांना तेच तेच प्रश्न विचारून आणि घरी रोज करून जे समजलं ते एका जागी लिहितेय. औषधाचा डोस वगैरे तुमचे डॉक्टरच ठरवणार, तुम्ही फक्त त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं ते माहीत असलेलं बरं.

आधी हे आहे काय ते

पाठीच्या कण्याच्या तळाशी, माकडहाडाच्या वर एक त्रिकोणी हाड असतं, त्याला मराठीत त्रिकास्थी म्हणतात आणि डॉक्टर सॅक्रम म्हणतात. काही बाळांमध्ये हे हाड अर्धवट बनतं किंवा बनतच नाही, कधी त्याच्या वरचे कमरेचे मणकेसुद्धा नसतात, आणि त्या भागातून पायांकडे, लघवीच्या पिशवीकडे, शौचाच्या जागेकडे जाणाऱ्या नसा कमी पडतात. रिपोर्टवर याला सॅक्रल एजेनेसिस किंवा कॉडल रिग्रेशन सिंड्रोम असं लिहितात. नाव एकच असलं तरी प्रकार खूप आहेत, एखाद्या मुलाचं फक्त माकडहाड नसतं आणि ते धावतं खेळतं, तर एखाद्याची कंबरच अरुंद, पाय बारीक, गुडघे आखडलेले. त्यामुळे शेजारणीने मोबाईलवर दाखवलेला फोटो म्हणजे तुमचं बाळ असं अजिबात समजू नका.

बुद्धीचं काय, हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. या मुलांची बुद्धी बहुतेक वेळा अगदी नॉर्मल असते. आमची भाची पाढे म्हणण्यात घरातल्या सगळ्यांच्या पुढे आहे.

हा दोष दुर्मीळ आहे, साधारण २५ हजार बाळांत एखाद्याला होतो. आईला आधीपासून डायबेटीस असेल तर मात्र हे प्रमाण साधारण ३५० त एक एवढं वाढतं. आता हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. धोका खूप पटीने वाढतो हे खरं, आणि डायबेटीस असलेल्या ३५० बायांपैकी ३४९ जणींच्या बाळाला हे होत नाही हेही तेवढंच खरं. उलट बाजूने बघितलं तर हा दोष असलेल्या मुलांपैकी साधारण १५ ते २५ टक्केच मुलांच्या आईला डायबेटीस असतो, बाकीच्यांच्या आईची साखर नॉर्मल असते. म्हणजे नुसतं मुलाकडे बघून "तूच गोड खाल्लं असशील" असं कोणी म्हणत असेल तर ते चुकीचं आहे.

आणि ग्रहण. हे लिहायलाच पाहिजे कारण मी हे प्रत्यक्ष ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या घरात. ग्रहणात भाजी चिरली, सुई-दोरा धरला, बाहेर गेली म्हणून बाळाच्या हाडात खोट आली. असं काही नसतं. आईच्या रक्तातली साखर वारेतून थेट बाळाकडे जाते, आणि तो इवलासा गोळा आकार घेत असताना साखर खूप जास्त असेल तर पेशींना मिळणारे संदेश बिघडतात, मग खालच्या टोकाचं काम अर्धवट राहतं. कधी दुसरी जनुकीय कारणंही असतात. चंद्र-सूर्याचा यात काहीही हात नाही, आणि आधीच खचलेल्या बाईला ग्रहणाची आठवण करून देणं हा क्रूरपणा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं काम : शुगर आहे का ते माहीत असणं

प्रेग्नन्सीत मागाहून, म्हणजे २४ ते २८ आठवड्यांत सापडणारी शुगर वेगळी. तोपर्यंत कणा बनून झालेला असतो, त्यामुळे त्या शुगरमुळे हा दोष होत नाही, तिचे त्रास दुसरे. इथे धोका आहे तो आधीपासून असलेल्या डायबेटीसचा, टाईप वन असो की टाईप टू. आणि मुंबईत अडचण इथेच आहे, तिशीच्या आतबाहेरच्या कितीतरी बायकांना टाईप टू असतो आणि त्यांना पत्ताच नसतो. कारण त्रास काही होत नाही, दमायला होतं त्याला आपण लोकलची गर्दी आणि झोप कमी असं कारण देऊन मोकळे होतो.

तर मूल हवंय असं ठरलं की नवरा-बायकोने आधी एकदा लॅबमध्ये जायचं. आई-बाबांना डायबेटीस असेल, पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल, वजन जास्त असेल, आधीच्या बाळंतपणात शुगर निघाली होती किंवा बाळ चार किलोच्या आसपास होतं, आधी कधी गर्भपात झालेत, तर अजिबात टाळायचं नाही. उपाशीपोटीची शुगर आणि एचबीएवनसी, म्हणजे ज्याला सगळे तीन महिन्यांची शुगर म्हणतात ती. उपाशी १२६ किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त आली तर तो डायबेटीस धरतात, खात्री म्हणून टेस्ट परत करतात.

एक गोष्ट लॅबवाले सांगत नाहीत. अंगात रक्त कमी असेल, लोह कमी असेल किंवा थॅलेसेमिया मायनर असेल तर एचबीएवनसीचा आकडा फसवा येऊ शकतो. आपल्याकडे ॲनिमिया घरोघरी. म्हणून हिमोग्लोबिन पण बघा आणि घरच्या ग्लुकोमीटरचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, दोन्ही जुळतायत का ते तेच सांगतील.

आणि समजा प्लॅन न करताच दिवस गेले, तर पाळी चुकल्याचं कळलं त्याच आठवड्यात शुगर तपासा. सरकारी नियमाप्रमाणे पहिल्याच तपासणीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी शुगर बघतात, जेवलेलं असलं तरी चालतं, १४० किंवा वर आली तर पुढचे उपचार सुरू. नॉर्मल आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. जवळचा बीएमसीचा दवाखाना किंवा मॅटर्निटी होम गाठा, "तिसरा महिना लागल्यावर या" असं कोणी म्हटलं तर शांतपणे सांगा की मला शुगर आहे, मला आजच बघा.

दुसरं काम : साखर खाली आणेपर्यंत थांबणं

हे सगळ्यात अवघड आहे, औषधापेक्षा घरच्यांमुळे. लग्नाला दीड वर्ष झालं की गोड बातमी कधी, गोड बातमी कधी सुरू होतं आणि अशा वेळी "माझी तीन महिन्यांची शुगर ९ आहे, ती खाली येईपर्यंत आम्ही थांबलोय" हे सासूला सांगायला धीर लागतो. तो धीर नवऱ्याने दाखवावा. त्याच्या आईला त्याने सांगावं, बायकोवर ढकलू नये.

आकडा लक्षात ठेवा, एचबीएवनसी ६.५ च्या खाली, वारंवार शुगर एकदम लो न होता जेवढी खाली येईल तेवढी. १० च्या वर असेल तर आत्ता दिवस राहू देऊ नका असं डॉक्टर अगदी ठामपणे सांगतात. मधल्या काळात कंडोम किंवा कॉपर टी, जे तुम्हाला जमेल ते, पण काहीतरी पक्कं. ६.५ गाठता आलं नाही, ७.२ वर अडकलं, तरी प्रयत्न फुकट जात नाहीत, जेवढा आकडा खाली तेवढा धोका कमी. बाळाच्या हृदयाचे दोष, मेंदू आणि कण्याचे दुसरे दोष, गर्भपात हे सगळंच त्याने कमी होतं.

याच काळात औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जायचं. सगळ्या स्ट्रिप्स टेबलावर ठेवायच्या, लाजायचं नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, शुगरसाठी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, वजनाची सेमाग्लुटाईडसारखी औषधं, ही सगळी बाळाचा विचार सुरू केला की बदलावी लागतात. सेमाग्लुटाईड तर दोन महिने आधीच बंद करायला सांगतात. पण स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, बीपीची गोळी अचानक सोडणं हाही धोकाच आहे, बदली औषध मिळतं. शुगरसाठी बहुतेक जणींना इन्सुलिनवर आणतात, मेटफॉर्मिन बऱ्याच वेळा चालू ठेवतात. इन्सुलिन म्हणजे आता शेवटची पायरी असं कोणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका, इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जवळपास जातच नाही म्हणून ते या काळात सगळ्यात भरवशाचं.

फॉलिक ॲसिड : डायबेटीस असेल तर रोज ५ मिलीग्रॅम, दिवस राहायच्या निदान तीन महिने आधीपासून ते बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत. साध्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये याच्यापेक्षा कितीतरी कमी असतं, स्ट्रिपवर आकडा वाचा. याने मेंदू-कण्याची नळी उघडी राहण्याचे दोष कमी होतात. पण फॉलिकची गोळी घेतेय म्हणून साखर वाढलेली चालेल असं काही नाही हं, दोन्ही पाहिजे. मेटफॉर्मिनवर असाल आणि शाकाहारी असाल तर बी-१२ पण तपासून घ्या. डोळ्याच्या पडद्याची आणि किडनीची तपासणी पण याच वेळी, प्रेग्नन्सीत दोन्हीवर ताण येतो.

खाण्याचं थोडक्यात. भात बंद करायची गरज नाही, वाटी मोजायची. भाकरी, डाळ, उसळ, अंडं, मासे, पालेभाजी आधी आणि भात शेवटी. चहा दिवसातून कितीदा आणि साखर किती ते एकदा प्रामाणिकपणे मोजा. स्टेशनवरचा वडापाव म्हणजे बटाटा, बेसन आणि मैद्याचा पाव एकत्र, शुगर कुठे जाते ते दोन तासांनी मीटरवर बघाच एकदा. उपासाचं मात्र गंभीर आहे, साबुदाण्याच्या खिचडीने शुगर भसकन वर जाते आणि निर्जळी उपासाने इन्सुलिनवरची बाई खाली कोसळते. संकष्टी, हरतालिका या वर्षी सोडा, देव समजून घेतो.

तिसरं काम : दिवस गेल्यावरचे पहिले आठवडे

इथे साखर वर जाण्याइतकीच खाली जाण्याची भीती असते. पहिल्या तीन महिन्यांत उलट्या, मळमळ, खाणं कमी, आणि इन्सुलिन तेवढंच, मग शुगर ७० च्या खाली. सकाळच्या विरार लोकलमध्ये उभ्याने हे झालं तर चक्कर येऊन पडायला होतं. पर्समध्ये ग्लुकोज पावडर किंवा साखर कायम ठेवा. घाम, थरथर, धडधड वाटली की तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, ठीक झाल्यावर काहीतरी खायचं. डब्यातल्या रोजच्या मैत्रिणींना सांगून ठेवा, बायकांच्या डब्याइतकी मदत कुठे मिळत नाही.

रोजचे आकडे साधारण असे हवेत : उपाशी ९५ च्या आत, जेवणानंतर एक तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत. मे महिन्यात इन्सुलिन पर्समध्ये तापतं, उघडी बाटली किंवा पेन थंड पिशवीत ठेवा पण थेट बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. न उघडलेलं फ्रीजमध्ये, दारात ठेवलं तरी चालेल, फ्रीझरमध्ये नाही.

चौथं काम : सोनोग्राफीत काय बघायला सांगायचं

पहिली महत्त्वाची सोनोग्राफी ११ ते १३ आठवड्यांची, एनटी स्कॅन. हा दोष मोठा असेल तर कधीकधी इथेच शंका येते, बाळाची लांबी दिवसांच्या मानाने कमी भरते. पण नीट कळतं ते १८ ते २० आठवड्यांच्या ॲनोमली स्कॅनमध्ये. आईचं वजन जास्त असेल तर चित्र धूसर येतं, बाळ उलटं बसलेलं असलं तर कण्याचं टोकच दिसत नाही, अशा वेळी रिपोर्टवर "नीट दिसलं नाही" असं लिहिलेलं असेल तर ते वाक्य तसंच फाईलमध्ये पडू देऊ नका, आठवडा-दोन आठवड्यांनी परत बोलावतील का ते तिथेच विचारा.

सोनॉलॉजिस्टला आधीच सांगा की मला आधीपासून शुगर आहे, कण्याचं टोक खास बघा. त्यांनी काय काय बघायचं असतं ते तुम्हाला माहीत असू दे : कणा खालपर्यंत निमुळता होत जातो की मध्येच तुटल्यासारखा थांबतो, सॅक्रम दिसतं का, कमरेची दोन्ही हाडं एकमेकांच्या फार जवळ आलीत का, पाय हलतायत का आणि गुडघे मांडी घातल्यासारखे दुमडून तसेच राहिलेत का, पावलं वाकडी आहेत का, दोन्ही किडन्या आहेत का आणि त्या फुगल्यात का, लघवीची पिशवी भरते-रिकामी होते का. डायबेटीस असेल तर बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी, फीटल इको, पण साधारण याच सुमाराला करून घ्यायची.

शंका आली तर पुढे बाळाचा एमआरआय करतात, पोटातच, साधारण २० आठवड्यांनंतर. त्यात पाठीचा मज्जारज्जू कुठे संपतो ते जास्त स्पष्ट दिसतं.

इथून पुढचा निर्णय फक्त त्या बाईचा आणि तिला ज्याची सोबत हवी त्याचा. दोष खूप मोठा असेल आणि प्रेग्नन्सी थांबवायचा विचार असेल तर कायदा असा आहे : २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत लागतं, २० ते २४ मध्ये दोन डॉक्टरांचं, आणि २४ नंतर बाळात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड बघतं. २०२१ च्या दुरुस्तीने हे झालं. म्हणजे १८-१९ व्या आठवड्यातला स्कॅन महिनाभर पुढे ढकलणं किती महागात पडू शकतं ते बघा. आणि निर्णय घ्यायच्या आधी बाळांचे सर्जन, न्यूरोसर्जन, बाळांचे युरोलॉजिस्ट यांच्याशी बोलायचंच, एकट्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर "हे मूल चालणार नाही" असं कोणी सांगितलं तर ते ऐकून घरी येऊन रडत बसू नका, दुसरं मत घ्या. आमच्या बाबतीत एका क्लिनिकमध्ये दोन मिनिटांत "मूल आयुष्यभर अंथरुणावर" असं सांगून टाकलं होतं. ती आज वॉकर घेऊन गॅलरीभर फिरते. कोणाला बाळ ठेवायचं असेल, कोणाला नाही, दोघींनाही खरी माहिती मिळायला हवी.

पाचवं काम : बाळंतपण आणि पहिला दिवस

ज्या हॉस्पिटलला एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे आणि बाळांचे सर्जन आहेत तिथेच नाव घाला. परळला नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि मुलांचं बाई जेरबाई वाडिया एकाच आवारात आहेत, केईएम तिथेच जवळ, सायनला लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलला नायर. कण्याचा दोष आहे म्हणून सिझरच असं नसतं, ते बाकीच्या कारणांवर ठरतं.

बाळ झाल्या झाल्या त्याची शुगर तपासतात, कारण आईची साखर जास्त असेल तर जन्मानंतर बाळाची एकदम खाली जाते. पहिल्या तासातच अंगावर पाजा.

आता ज्यांना पोटात असताना काही सापडलं नाही त्यांच्यासाठी, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहितेय. हलका दोष सोनोग्राफीत निसटतो, जन्माला आल्यावरही निसटतो. बाळाला मालिश करताना, टाळूला तेल घालून आंघोळ घालताना त्याला पालथं करा आणि नीट बघा. ढुंगण चपटं आहे का, दोन्हींच्या मधली चीर नेहमीपेक्षा आखूड आहे का, वर कुठे खळगा, केसांचा झुपका, लाल डाग, चरबीची गाठ आहे का, दोन्ही बाजूंना खोल खळ्या पडल्यात का. पोटऱ्या बारीक आणि पावलं वाकडी आहेत का. शी ची जागा नीट आहे का, जरा पुढे तर नाही. लंगोट काढलं की लघवी सतत थेंब थेंब गळते की मध्ये कोरडा वेळ जाऊन धार येते. मालिशवाल्या बाईंना पण विचारा, शेकडो बाळं त्यांच्या पायांवरून गेलेली असतात, त्यांच्या हाताला लगेच जाणवतं. काही वेगळं वाटलं तर बालरोगतज्ज्ञांना कण्याच्या खालच्या भागाचा बाजूने एक्स-रे आणि सोनोग्राफी करायची का विचारा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हाडं मऊ असल्यामुळे पाठीची सोनोग्राफी चांगली होते, नंतर एमआरआयच लागतो.

काही मुलं तर पाच-सहा वर्षांची झाल्यावर सापडतात. चालतात, पळतात, पण चड्डी सतत ओली, शी कडक, आणि घरी ओरडा बसतो की मोठी झालीस तरी कळत नाही. अशा मुलाला मारण्याआधी एकदा एक्स-रे काढा.

शी ची जागा बंद असणं आणि सॅक्रम अर्धवट असणं दोन्ही एकत्र असेल, शिवाय घरात आणखी कोणाला असं असेल, तर क्युरारिनो नावाचा आनुवंशिक प्रकार असू शकतो. तो आई किंवा बाबांकडून येऊ शकतो आणि पुढच्या प्रत्येक बाळाला निम्मी शक्यता असते, म्हणून जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटायचं.

सहावं काम, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं : किडनी वाचवणं

सगळं घर पायांकडे बघत असतं, चालेल का, कधी चालेल. धोका मात्र लघवीच्या पिशवीत असतो. नसा कमी असल्यामुळे पिशवी पूर्ण रिकामी होत नाही किंवा आतला दाब वाढतो, लघवी मागे किडनीकडे चढते, वारंवार इन्फेक्शन, आणि किडनी हळूहळू खराब होते. बाहेरून मूल हसतंखेळतं दिसतं. लंगोट ओला होतोय म्हणजे लघवी नीट होतेय असं धरू नका, भरून वाहणारी टाकीसुद्धा ओलीच दिसते.

म्हणून पहिल्या काही महिन्यांतच बाळांच्या युरोलॉजिस्टकडे जायचं. किडनी आणि पिशवीची सोनोग्राफी, पिशवीतला दाब मोजणारी युरोडायनॅमिक टेस्ट, लघवी मागे जाते का ते बघायला एमसीयू नावाचा एक्स-रे, आणि किडनीवर व्रण आहेत का ते बघायला डीएमएसए स्कॅन. सगळ्या एकदम नाही, डॉक्टर ठरवतील तशा. दर काही महिन्यांनी सोनोग्राफी, मुलाला काही त्रास नसला तरीही. आणखी एक, या मुलांचे स्नायू कमी असतात त्यामुळे रक्तातलं क्रिएटिनीन नॉर्मल दिसूनही किडनी कमजोर असू शकते, डॉक्टरांना सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी करायची का विचारा.

बऱ्याच मुलांना नळीने लघवी काढायला शिकवतात, त्याला सीआयसी म्हणतात. ऐकून पोटात गोळा येतो, पण करायला लागल्यावर दात घासण्याइतकं सवयीचं होतं. नर्स शिकवतीलच, तरी घरी आम्ही कसं करतो ते सांगते. हात साबणाने धुवायचे. ट्रेमध्ये नळी, जेली, ओला स्वच्छ कापूस, मोजायचं भांडं. मुलीला पुढून मागे असं एकदाच पुसायचं, मागून पुढे कधीच नाही. नळीच्या टोकाला जेली लावून हळू आत, लघवी यायला लागली की अगदी थोडी आणखी सरकवायची आणि थांबायचं. धार थांबली की ओटीपोटावर हलका हात दाबायचा, आणखी थोडी येते. मग नळी हळूहळू बाहेर, मध्ये परत आली तर तिथेच थांबायचं. मुलगा असेल तर लिंग सरळ वर धरायचं, नळी जास्त आत जाते, अडली तर जोर लावायचा नाही, त्याला खोकायला किंवा मोठा श्वास घ्यायला सांगायचं. लहान बाळांना या नळीच्या जागी बऱ्याचदा बारीक फीडिंग ट्यूबच वापरतात. दर तीन-चार तासांनी, रात्रीचं डॉक्टर सांगतील तसं. किती मिली आली ते वहीत लिहा. सोबत पिशवीचा दाब कमी करायला ऑक्सिब्युटिनिनसारखं औषध देतात, त्याने तोंड कोरडं पडतं आणि उन्हाळ्यात घाम कमी येतो, एप्रिल-मे मध्ये दुपारी बाहेर नेऊ नका.

नळी वापरणाऱ्या मुलांच्या लघवीत जंतू सापडतातच. ताप नाही, पोटात दुखत नाही, नेहमीपेक्षा जास्त गळत नाही, तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक द्यायची घाई नको, औषधं बोथट होतात. ताप आला, थंडी वाजली, उलटी झाली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर, औषध सुरू व्हायच्या आधी लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत ते बघणारी तपासणी.

हातमोजे आणि नळ्या लॅटेक्सच्या नकोत, या मुलांना रबराची ॲलर्जी लवकर होते. ऑपरेशनच्या आधी पण हे सांगायचं. फुगे पण जपून.

शी चं गणित वेगळं. कडक झाली की लघवीवर पण परिणाम होतो. रोज एकाच वेळी, जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी बसवायचं, पाय टेकायला खाली पाट. मऊ करायचं औषध, लागलं तर एनिमा. कंटाळवाणं आहे, पण जमलं की मूल शाळेत कोरडं राहतं आणि बाकी मुलांमध्ये बसतं.

पाय, पाठ आणि चालणं

वाकडी पावलं असतील तर पॉन्सेटी पद्धतीने आठवड्या-आठवड्याला प्लास्टर, पहिल्या महिन्यातच सुरू होतं. नितंबाचा सांधा निखळलेला आहे का ते बघतात. फिजिओथेरपी घरी रोज, आठवड्यातून एकदा हॉस्पिटलात जाऊन भागत नाही. कॅलिपर, स्प्लिंट अशा पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांसाठी हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, मूल वाढतं तसं माप बदलतं, टोचायला लागायच्या आधी जा.

मज्जारज्जू खाली चिकटलेला असेल तर त्याला टेथर्ड कॉर्ड म्हणतात. आधी जमणारं चालणं बिघडलं, पाय नव्याने लुळे वाटले, लघवी जास्त गळायला लागली, पाठ दुखायला लागली, पाठीला बाक आला तर "थकली असेल" म्हणून सोडू नका, न्यूरोसर्जनना दाखवा.

या मुलांना पायाला स्पर्श बऱ्यापैकी कळतो, पण सगळीकडे नाही. पावसाळ्यात ओले मोजे, कॅलिपरचा घट्ट पट्टा, पायात घुसलेला खडा, रात्री झोपताना तळवे आणि टाचा हाताने चाचपून बघायची सवय लावा.

सातवं : कागद, पैसे, शाळा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणतं ऑपरेशन बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, ॲडमिट व्हायच्या आधी, नंतर नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढची मदत मिळते, अंगणवाडी ताईंना सांगा. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र काढा, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळालं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि शाळा नुसतं "आमच्याकडे सोय नाही" म्हणून दार लावू शकत नाही.

सगळे रिपोर्ट एका फाईलमध्ये तारखेने, वरच्या पानावर निदान, ॲलर्जी, चालू औषधं, नळीचा नंबर. कुठल्याही नव्या डॉक्टरकडे गेलं की पहिलं पान दाखवायचं.

शाळेत ॲडमिशनच्या वेळी वर्गाच्या बाईंना आणि मावशींना बसवून सांगा. त्यांच्याकडून फक्त तीन गोष्टी हव्या असतात : मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी तिला सोडायचं, कडी लागणारा आणि पाणी असलेला एक संडास, आणि बाकी मुलांसमोर कारण विचारायचं नाही. सहा-सात वर्षांची झाली की बरीच मुलं नळी स्वतः घालायला शिकतात, मुलींना सुरुवातीला छोटा आरसा लागतो. आमच्या भाचीच्या दप्तरात कंपासपेटीच्या शेजारी एक चेनवाली पाऊच असते, त्यात दोन नळ्या, जेली, ओले वाईप्स, एक जास्तीची चड्डी आणि काळी पिशवी. पाऊच रोज रात्री तीच भरते, आईने फक्त नळ्या संपायच्या आधी केमिस्टकडून आणून ठेवायच्या.

पुढच्या बाळाचा विचार असेल तर

आनुवंशिक प्रकार नसेल तर परत तेच होण्याची शक्यता कमी असते. पण दुसऱ्या वेळी पहिल्या मुलाच्या धावपळीत आईची स्वतःची शुगर कोणी बघत नाही. बाळंतपणानंतर वर्षभरात तिचा एचबीएवनसी कितीदा केला ते घरातल्यांनी आठवून बघा. पहिल्यापासून सगळं तसंच : आधी टेस्ट, ६.५ च्या खाली येईपर्यंत थांबणं, गोळ्यांची पिशवी डॉक्टरांसमोर रिकामी करणं, तीन महिने आधी फॉलिक, आणि पाळी चुकल्याच्या त्याच आठवड्यात दवाखाना.